पन्नाशीची जीप आणि उद्यमनगरचा लेथ



चार दिवस झाले, पाऊस उघडायचं नाव घेईना. आडसालीच्या सरीत पाणी उभं आहे, बाळभरणी लांबली, खताची पोती खोपीत तशीच पडून आहेत. रानात पायच ठेवता येत नाही म्हटल्यावर जीपचं बॉनेट उघडलं. मागं काही जणांनी विचारलं होतं, "दादा, हे जुनं धूड कशाला सांभाळताय? द्या की भंगारात." त्याचं उत्तर दोन ओळींत देता येत नाही, थोडा इतिहास सांगावा लागतो. म्हणून आज उसावर काही नाही, इंजिनावर.

आमचं रान कागल पंचतारांकित एमआयडीसीला लागून आहे म्हटलं तरी चालेल. रात्रीच्या लाईटला पाणी पाजायला गेलं तर कारखान्यांचा उजेड बांधापर्यंत येतो, हातात बॅटरी लागत नाही. तिथंच किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना आहे. या किर्लोस्करांची सुरुवात कशातून झाली, तर सायकलच्या दुकानातून. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकली विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढं लोखंडी नांगर केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनाची कंपनी निघाली. म्हणजे आधी दुसऱ्याची वस्तू खोलून दुरुस्त केली, मग स्वतःची ओतली.

कोल्हापुरातही हेच घडलं. संस्थानच्या काळात इंजिनं यायची परदेशातून. गुऱ्हाळाच्या चरक्याला, नदीवरच्या पाण्याला इंजिन पाहिजे, आणि ते मोडलं की पार्ट यायला सहा-सहा महिने. मग इथल्या मेस्त्री लोकांनी मोडका पार्ट समोर ठेवून लाकडाचा पॅटर्न करायचा, वाळूत साचा धरायचा, बीड ओतायचं आणि लेथवर माप काढायचं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं शिवाजी उद्यमनगरात आजही आदरानं घेतली जातात ती याच कामासाठी. पार्ट करता करता अख्खं इंजिन इथं व्हायला लागलं. आमच्या वडिलांच्या काळात कोल्हापूरचं ऑइल इंजिन लांब-लांबच्या विहिरींवर धडधडायचं. नंतर गावोगाव वीज आली, इंजिनाची मागणी पडली, आणि त्याच फौंड्र्या मोटारीचे पार्ट ओतायला लागल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शेवटी आमच्या दारातली पंचतारांकित, असा हा प्रवास आहे.

आता जीपकडं येतो.

महिंद्रानं १९४७ पासून विलीज जीप आपल्या देशात जोडायला सुरुवात केली. त्यातलं उंच बॉनेटचं मॉडेल, सीजे थ्री बी, आपल्याकडं वर्षानुवर्षं चाललं. बॉनेट उंच का, तर आधीच्या इंजिनात दोन्ही वॉल्व्ह खाली ब्लॉकात होते. नव्या हरिकेन पेट्रोल इंजिनात इनलेट वॉल्व्ह वर हेडात नेला, इंजिनाची उंची वाढली आणि झाकण वर उचलावं लागलं. दिसायला बेढब, पण खालून-वरून हात घालायला जागा भरपूर. आजच्या गाडीत हेडलाईटचा बल्ब बदलायला बंपर काढावा लागतो, मग त्या बेढबपणाची किंमत कळते.

माझी जीप १९७५ ची. पहिली मालक पंचायत समिती. त्या काळात गावात जीप आली की एकतर बीडीओ साहेब, नाहीतर कारखान्याचे शेतकी अधिकारी. खाजगी माणसाला नवी गाडी मिळणं सोपं नव्हतं. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमियर फियाट व्हायची, तिकडं हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. त्यामुळं आजच्या पोरांना खोटं वाटेल अशी गोष्ट होती: वापरलेली गाडी काही वेळा नवीपेक्षा महाग जायची, कारण ती लगेच दारात यायची. सरकारी जीपचा लिलाव निघाला की तालुक्यातले बागायतदार तुटून पडायचे.

पण लिलावात घेतलेली पेट्रोल जीप पोसणार कोण? उसाचं एक बिल पेट्रोल पंपावरच जायचं. इथं आपला ट्रॅक्टर मदतीला आला. १९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरला बरोबर घेऊन ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि बी-२७५ ट्रॅक्टर आपल्या शिवारात आला. १९७७ साली ती कंपनी महिंद्रातच विलीन झाली. त्या ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन, साधारण २३५० सीसीचं, पुढं कंपनीनं स्वतःच जीपमध्ये बसवलं. ते बघून जुन्या पेट्रोल जीपमध्येही लोकांनी डिझेल घातलं. ट्रॅक्टरचा मेस्त्री तोच जीपचा मेस्त्री झाला. पंपाचं कॅलिब्रेशन करणारा तोच, नोझल बघणारा तोच. माझ्या मते आमच्या भागात जुन्या जीपा टिकल्या त्या हौसेपेक्षा यामुळं टिकल्या. फियाटवाल्यांना ही सोय नव्हती. मुंबईत तरी ती टॅक्सी म्हणून दीर्घकाळ जगली, तिथंही शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. आमच्या गावच्या दोन पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी गोठ्यात कोंबड्यांची खुराडी झाल्या.

मी जीप घेतली २००४ साली, पासष्ट हजारांना, एका एजंटाकडून. आणि फसलो. घेताना मी इंजिन ऐकलं, पाटे बघितले, डिफरन्शियलचा आवाज बघितला, आर.सी. बुक मात्र नुसतं उघडून बंद केलं. घरी येऊन वाचलं तर त्यात इंधन पेट्रोल! आत डिझेल धडधडतंय आणि कागदावर हरिकेन. इंजिन नंबरचा पत्ता नाही. आधीच्या मालकानं इंजिन बदललं, नोंद केलीच नाही. एजंटाला विचारलं तर म्हणाला, "सगळ्याच अशा असतात." ती नोंद करून घ्यायला मला दीड वर्ष आणि पाचसहा हेलपाटे लागले. म्हणून सांगतो, जुनी गाडी घ्यायला गेलात तर मेस्त्रीला नंतर न्या, आधी चष्मा न्या. चॅसीवरचा नंबर खडूनं घासून वाचा, इंजिनाचा नंबर वाचा, बँकेचा बोजा उतरलाय का बघा. गाडी निपाणी-चिकोडीकडची केए-२३ असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि आपल्याकडचा टॅक्स वेगळा भरायचा आहे हे किमतीत धरा.

गाडीचं म्हणाल तर रंगावर जाऊ नका. इंजिन सकाळी गार असताना सुरू करायला लावा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजून जा. गरम झाल्यावर ऑइल भरायचं टोपण काढा. तिथून चुलीसारखा धूर फेकत असेल तर रिंगा-लायनर गेले. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट, नाहीतर हेडच तडकलेलं. पुढचं चाक उचलून वर-खाली हलवा, किंगपिन बोलतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली झोपा आणि चॅसी बघा. मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ चिखल साठून पत्रा कुजतो आणि वरून वेल्डिंगचा ठिगळ मारलेला असतो. इंजिन उभं करता येतं हो, कुजलेली चॅसी नाही.

माझा मुलगा एमआयडीसीत सीएनसीवर आहे. त्याचं माप मायक्रॉनमध्ये चालतं. पण तीन वर्षांपूर्वी जीपचं इंजिन खोललं तेव्हा पिस्टन रिंगेचा गॅप कसा बघायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींनी त्याच्या हातात रिंग दिली, बोअरमध्ये सरळ बसवायला लावली आणि फीलर गेज घालायला लावलं. म्हणाले, "बाळा, तू रोज हजार पार्ट करतोस, पण ते पार्ट कुठं झिजतात ते बघितलंस का कधी?" पोरगा गप्प झाला. त्यानंतर मात्र दर रविवारी तो जीपखाली.

त्याच नादात त्यानं १९९७ ची मारुती ८०० घेतली, कार्बोरेटरवाली. आणि इथं एक गंमत आहे, जी आपण ऊसवाल्यांनी समजून घ्यायला पाहिजे. आपल्या उसाच्या मळीपासून, रसापासून इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलात मिसळतात. २००३ साली पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली, २०२२ ला दहा टक्के, आता वीस. कारखान्याला त्याचा पैसा मिळतो, आपल्या बिलाला त्याचा आधार आहे, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुन्या गाडीचे रबरी पाईप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे पॅकिंग हे त्याच्यासाठी बनवलेलेच नाहीत. पोराची गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी होती. सुरू होईना म्हणून कार्बोरेटर खोलला तर तळाशी पाणी आणि पांढरा गाळ, पाईप फुगून मऊ पडलेला. आमचाच ऊस आमच्याच गाडीत शिरला म्हणायचं! उपाय एवढाच की इथेनॉलला टिकणारे पाईप घालायचे आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवायचं नाही. ॲव्हरेजही थोडं पडतं, कारण इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांशानं कमी असते.

जीप डिझेल, तिला हा त्रास नाही. तिचा त्रास वेगळा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, आणि यंदा तिची पाळी आहे. नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलमध्ये ६०० वरून ५,००० झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केली. वर पर्यावरण कर. २०२१ साली सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आणली, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. जीप यंदाच पन्नास वर्षांची झाली म्हणून मी हरखलो होतो. पण नियमात गाडी मूळ रूपात पाहिजे, इंजिन बदललेलं चालत नाही. शिवाय तशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला चालवायची, वैरण आणायला नाही. ज्या ट्रॅक्टरच्या इंजिनानं तिला जगवलं, त्यानंच तिचा मान घालवला.

आठवड्यावर दसरा आहे. कोल्हापुरात दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येईल, राजाराम महाराजांच्या काळातली. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ती बघितली आहे. ती इतकी वर्षं चालती राहिली त्यात कुणा ना कुणा मेस्त्रीचे हात आहेतच.

आमचे मेस्त्री आता सत्तरीपुढं गेलेत. दोन्ही मुलं एमआयडीसीत पगारावर. गेल्या महिन्यात म्हणाले, लेथ विकायला काढलाय, गिऱ्हाईक आलं तर सांग. मी विचारलं, "मग जीपचं काय?" तर हसले, म्हणाले, "पासिंगपुरतं करून देतो."

पोरगा म्हणतोय, "आबा, लेथ आपणच घेऊया, खोपीत बसवू." थ्री फेज आहे, जागाही आहे. पैसे मात्र उसाच्या बिलाच्या भरवशावर. सध्या नोझल कॅलिब्रेशनला दिलेत, सोमवारी मिळतील. खंडेनवमीच्या आत जीप सुरू झाली तर फोटो टाकतो. पाऊस उघडला तर आधी बाळभरणी.