ओस पडलेली मायानगरी

दूरदूरच्या माणसांनीं संगणकाच्या पडद्यावर सोंगें घेऊन एका कल्पित राज्यांत नांदावें, हा खेळ टेक्सासमधील रिचर्ड गॅरियट यांनीं १९९७ सालीं ‘अल्टिमा ऑनलाइन’ काढून लोकप्रिय केला. त्या पुण्याईवर २०१३ सालीं ‘श्राउड ऑफ दि अवतार’साठीं त्यांनीं लोकवर्गणी मागितली, तेव्हां २२ हजारांवर लोकांनीं १९ लाखांवर डॉलर दिले. पुढें त्या राज्यांतील घरें व जमिनीही खऱ्या पैशानें विकल्या गेल्या. येथेंच घात झाला, असें म्हणावें लागतें. जागा घेणारे पुष्कळ, नांदणारे थोडे! मार्च २०१८ मध्यें खेळ पुरा होऊन बाहेर आला. पण खेळणारे ओसरत गेले, वाड्यांना शेजार उरला नाहीं. ऑक्टोबरांतच तो फुकट करावा लागला आणि २०१९ सालीं दुसऱ्या कंपनीच्या हातीं गेला.