किल्ल्यात कोंडलेली बारा माणसं आणि माझं वर्क फ्रॉम होम

आज विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या लॅपटॉपपासून करतो. मी नगरला सावेडीतल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी डिझाइनचं काम करतो. काम वेळेवर होतं, पण गेले काही महिने नवीन काही सुचतच नाही. साहेब म्हणाले, "ऑफिसला ये, मग सुचेल." पुण्यात खोली घ्यायची, तर घरी आई एकटी. याच विचारात एका रविवारी भुईकोट किल्ल्यात गेलो.

९ ऑगस्ट १९४२. 'भारत छोडो'चा ठराव झाल्यावर दुसऱ्याच पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना पकडलं आणि रेल्वेने नगरला आणून या किल्ल्यात ठेवलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव, असफ अली, आपले शंकरराव देव... एकूण बारा जण. सुरुवातीला तर पेपरसुद्धा मिळत नव्हता.

आपल्याला वाटतं, एवढा निवांतपणा मिळाला की पुस्तक आपोआप होतं. तसं झालं नाही. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहायला घेतलं एप्रिल १९४४ मध्ये, म्हणजे तिथे येऊन वीस महिने उलटल्यावर! मग मात्र पाच महिन्यांत हाताने लिहिलेली सुमारे हजार पानं झाली.

मधल्या काळात काय चाललं होतं? वाचन, बागकाम आणि गप्पा. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचं ऋण नेहरूंनी प्रस्तावनेत नावं घेऊन मानलंय. काही सोबत्यांनी हस्तलिखित वाचून सूचनाही केल्या. पुस्तक १९४६ साली आलं.

त्याच किल्ल्यात मौलाना आझाद पहाटे उठायचे, स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करायचे आणि एका मित्राला उर्दूत पत्रं लिहायचे. ती पाठवता येत नव्हती, तरी लिहीत राहिले. त्यांचंच पुढे 'गुबार-ए-खातिर' झालं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तो तुरुंग होता, वर्क फ्रॉम होम नव्हे. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या. त्यांना शेवटचं भेटताही आलं नाही. त्या कोंडण्याचं कौतुक नकोच.

पण मला माझी चूक कळली. मी घरी बसतो हे बिघडलेलं नाही. माझं अर्धवट काम कुणी बघतच नाही, हे बिघडलंय. कॉलवर आम्ही फक्त झालेलं काम दाखवतो. पहाटेचा एकांत आझादांना होता, पण समोर मनातला का होईना, एक मित्र होता.

मी साहेबांना म्हटलं, "आठवड्यातून एक दिवस सकाळच्या एसटीने येतो. त्या दिवशी रिपोर्ट नको, एकमेकांचं अर्धं-कच्चं काम बघू." महिनाभर करून बघू, म्हणालेत.

तुमचं अर्धवट काम कोण बघतं? विचार करा. भेटू पुढच्या भागात!