झुहाबचा तह आणि उस्मानी-सफवी सरहद्द

उस्मानी तुर्क आणि इराणचे सफवी ह्या दोन सत्तांमध्ये १७ मे १६३९ रोजी झालेला झुहाबचा तह (त्यालाच कस्र-इ-शिरीनचा तह असेही म्हणतात) इतिहासग्रंथांत बहुधा एका वाक्यात उरकला जातो. तुर्कस्तान व इराक ह्यांची इराणशी असलेली आजची सीमा ह्या तहाने ठरली, असे ते वाक्य असते. विधान सर्वस्वी खोटे नाही. आजच्या नकाशावरील रेषा पुष्कळ ठिकाणी त्या तहात उल्लेखिलेल्या स्थळांच्या आसपासून जाते, हे खरे आहे. परंतु तहाचा मजकूर डोळ्यांपुढे ठेवून वाचणाऱ्यास ह्या विधानाने समाधान वाटणे कठीण आहे. त्या मजकुरात रेषा नाही, नकाशा नाही, अंतरांची मोजदाद नाही. आहेत ती किल्ल्यांची, खिंडींची, खेड्यांची आणि जमातींची नावे, व त्यांपैकी कोणते कोणाकडे राहावे ह्याचा निर्देश. शिवाय उभय पक्षांनी मान्य केलेली एकच अस्सल प्रत उपलब्ध नसून मान्यतापत्रे आणि इतिवृत्तकारांनी उतरवून घेतलेल्या नकला ह्यांवरच अभ्यासकांची सारी मदार आहे. आणि ह्या नकला परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. असा हा तह 'सीमा ठरविणारा' कोणत्या अर्थाने होता, हा प्रश्न म्हणूनच पुन्हा तपासण्याजोगा आहे.

ह्या कलहाचा आरंभ १५१४ च्या ऑगस्टमध्ये चाल्दिरानच्या मैदानावर झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. सुलतान पहिला सलीम ह्याच्या तोफा व बंदुकधारी जानिसारी ह्यांच्यापुढे शहा इस्माईलच्या किझिलबाश घोडेस्वारांचा टिकाव लागला नाही, आणि विजयी सुलतानाने शहाच्या राजधानीत, तब्रीझमध्ये, प्रवेश केला. पुढची घटना मात्र लढाईपेक्षा अधिक बोलकी आहे. जानिसाऱ्यांनी तेथे हिवाळा काढण्याचे साफ नाकारले आणि जिंकलेली राजधानी सोडून सलीमला परतावे लागले. इस्तंबूलहून वसंतात निघालेली फौज अझरबैजानात पोहोचेपर्यंत उन्हाळा सरत आलेला असे. पुढे दाणावैरण नाही, मागे बर्फ. तहमास्प शहाने (राज्यकाल १५२४–१५७६) ही गोष्ट पुरती ओळखली होती. सुलतान सुलेमान १५३३ ते १५५५ ह्या काळात तीनदा चालून आला; तहमास्पने एकदाही त्याला मैदानी लढाई दिली नाही. शत्रूच्या वाटेवरील पिके जाळावी, विहिरी निकामी कराव्या, आपण मागे हटावे आणि सुलतान परतला की पुन्हा पुढे यावे, हा त्याचा क्रम. ह्या युक्तीची किंमत शहाने मोजली नाही. ती मोजली ज्यांची पिके जळाली त्यांनी. मात्र तिने अझरबैजान राखले. इराक राखणे तिला शक्य नव्हते. तैग्रिसच्या खोऱ्यात फौजेला धान्य मिळे आणि हिवाळाही सुसह्य असे, आणि म्हणूनच १५३४ मध्ये पडलेले बगदाद तुर्कांकडे राहिले. उभय साम्राज्यांच्या सरहद्दीचा स्थूल आराखडा तहनाम्यांच्या आधी दाणावैरणीने आखला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२९ मे १५५५ रोजी अमास्या येथे झालेला तह हा ह्या दोन सत्तांमधील पहिला. खरे पाहता त्याला तह म्हणण्यापेक्षा पत्रांची देवघेव म्हणणे अधिक रास्त होईल. शहाने विनंती केली आणि सुलतानाने ती मान्य केली, असा तुर्की बाजूचा थाट होता. ज्यांच्याशी लढणे धर्माज्ञेनुसार विहित आहे असा निर्वाळा शेखुल्-इस्लाम अबुस्सुऊद ह्याने दिला होता, त्यांच्याशीच सलोखा करावयाचा, तर समानतेची भाषा वापरणे सुलतानास परवडणारे नव्हते. त्या वसंतात हॅब्सबुर्ग सम्राटाच्या भावाचा, फर्डिनंडचा, वकील बुस्बेक हाही अमास्येस आलेला होता. इराणी वकिलाचे वैभवशाली नजराणे आणि त्याचे झालेले स्वागत ह्यांचे वर्णन त्याने आपल्या पत्रांत केले आहे. इराणशी सलोखा होताच आपल्या पदरी फारसे काही पडणार नाही, हे त्याने ताडले. आणि खरोखरच त्याला केवळ सहा महिन्यांचा युद्धविराम मिळाला. पूर्वेकडील प्रत्येक तहाचा अर्थ डॅन्यूबच्या काठावरही लावून पाहावा लागतो, तो ह्यामुळे.

अमास्येच्या वाटणीत इराक व पश्चिम जॉर्जिया सुलतानाकडे, तर तब्रीझ, पूर्व आर्मेनिया आणि पूर्व जॉर्जियातील कार्तली व काखेती शहाकडे राहिली. कार्सचा किल्ला पाडून तो मुलूख दोघांनीही मोकळा ठेवावा, असे ठरले. परंतु ह्या प्रादेशिक कलमांहून दुसरी दोन कलमे अधिक विचारार्ह आहेत. इराणी यात्रेकरूंना मक्का-मदिना आणि नजफ-करबला येथे निर्वेधपणे जाऊ द्यावे, हे एक; आणि पहिल्या तीन खलिफांना जाहीरपणे शिव्याशाप देण्याची इराणातील प्रथा शहाने बंद करावी, हे दुसरे. शियांचा राजा म्हणवून घेणाऱ्याच्या हातून शियांची परमपवित्र स्थळे गेली होती. मुलूख गेला, पण वाट तरी राहावी, ही शहाची मागणी होती. सुलतानाची मागणी ह्याच्या उलट, म्हणजे शहाच्या राज्यातील मशिदीत काय बोलले जावे ह्याविषयी होती. जेथे फौज पोहोचू शकत नव्हती, तेथे आपला शब्द पोहोचावा, असा तिचा आशय.

दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकास येथे १६३६ चे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. त्या वर्षी शाहजहानने गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाकडून जी कबुली लिहून घेतली, तीत खुत्ब्यातून इराणच्या शहाचे नाव गाळून शाहजहानचे नाव घ्यावे आणि चारही खलिफांचा उल्लेख करावा, अशी अट होती. त्याच वर्षी निजामशाहीचा मुलूख मोगल आणि आदिलशहा ह्यांच्यात वाटला गेला आणि माहुलीस शहाजीराजांना शरण जावे लागले. त्या काळच्या तहांत भूमी आणि खुत्बा ही दोन्ही एकाच तागडीत तोलली जात, ती बगदादेस तशीच गोवळकोंड्यासही.

अमास्येचा तह १५७८ पर्यंत टिकला. सुलेमानचा बंडखोर पुत्र बायझीद १५५९ मध्ये तहमास्पच्या आश्रयास गेला, तेव्हाही तो मोडला नाही; मोडला तो राजपुत्रावरचा विश्वास. पुष्कळ वाटाघाटींनंतर शहाने बायझीद व त्याचे चार पुत्र ह्यांना सुलतानाच्या माणसांच्या हवाली केले आणि त्यांचा वध झाला. तहमास्पच्या मृत्यूनंतर इराणात जी बेबंदशाही माजली, तिचा फायदा घेऊन तिसऱ्या मुरादने युद्ध पुकारले. १५७८ मध्ये तिफ्लिस आणि १५८५ मध्ये तब्रीझ पडले. १५८७ मध्ये गादीवर आलेल्या तरुण अब्बासपुढे पश्चिमेस तुर्क आणि पूर्वेस हेरात जिंकलेले उझबेक असा दुहेरी पेच होता. १५९० च्या इस्तंबूलच्या तहात त्याने अझरबैजानचा बहुतेक भाग, शिरवान, काराबाग आणि जॉर्जिया सोडून दिले आणि आपला पुतण्या हैदर मिर्झा ह्यास ओलीस म्हणून इस्तंबूलला धाडले. एवढा अपमानास्पद तह सफवी घराण्याने तोवर केला नव्हता. पण अब्बासच्या दृष्टीने तो अंतिम निवाडा नसून उसनवारी होती. १५९८ मध्ये हेरात परत घेऊन आणि फौजेची नव्याने बांधणी करून त्याने १६०३ मध्ये तब्रीझवर झडप घातली. तेव्हा तुर्क हॅब्सबुर्गांशी झुंजत होते आणि अनातोलियात जलाली बंडांचा वणवा पेटलेला होता.

ह्या मोहिमेतील एका गोष्टीकडे तहांच्या इतिहासात सहसा लक्ष वेधले जात नाही. १६०४ मध्ये तुर्की फौज चालून येत असल्याचे पाहून अब्बासने आजोबाचीच युक्ती वापरली, मात्र पिकांबरोबर माणसेही हलविली. आरास नदीकाठचे जुल्फा हे आर्मेनियन व्यापाऱ्यांचे संपन्न नगर ओस पाडून तेथील रहिवाशांना इस्फहानकडे नेण्यात आले; वाटेत अनेक दगावले. इस्फहानच्या शेजारी वसविलेले नवे जुल्फा पुढे रेशमाच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले आणि तेथील व्यापाऱ्यांच्या पेढ्या सुरतेपर्यंत पसरल्या. ह्या भरभराटीमुळे मूळ घटनेचे क्रौर्य झाकले जाता कामा नये. सरहद्द 'सरकली' असे आपण लिहितो; ह्या प्रसंगी सरहद्दीवरची माणसे सरकविली गेली होती.

१६१२ चा नसूह पाशाचा तह पुन्हा अमास्येच्या सीमेवर आला. शहाने दरवर्षी २०० ओझी रेशीम द्यावे, अशी त्यात अट होती. रेशीम वेळेवर गेले नाही, पुन्हा लढाई झाली आणि १६१८ च्या सरावच्या तहात हा आकडा निम्म्यावर, १०० ओझ्यांवर, आला. ह्याच सुमारास अब्बास आपले रेशीम तुर्की मुलूख टाळून समुद्रमार्गे पाठविण्याच्या खटपटीत होता. १६२२ मध्ये इंग्रजांच्या साहाय्याने गोव्याच्या फिरंग्यांकडून त्याने होर्मूझ घेतले, त्यामागील एक कारण हे होते.

बगदादचा प्रश्न १६२३ मध्ये पुन्हा उपस्थित झाला. तेथील बंडखोर अधिकारी बकिर सुबाशी ह्याने आधी शहाला हाक दिली आणि मग सुलतानाशी जुळवून घेतले; अब्बासने वेढा घालून शहर घेतले. ते परत मिळविण्याचे तुर्कांचे दोन मोठे प्रयत्न फसले. शेवटी चौथा मुराद स्वतः चालून गेला आणि सुमारे ४० दिवसांच्या वेढ्यानंतर २५ डिसेंबर १६३८ रोजी बगदाद पडले. ह्या वेढ्यात त्याचा वजीर-इ-आझम तय्यार मुहम्मद पाशा मारला गेला. शहरातील शिबंदीची पुढे मोठी कत्तल झाली. त्याच वर्षाच्या आरंभी शहा सफीच्या मर्जीची धास्ती घेतलेल्या अली मर्दान खानाने कंदाहार शाहजहानच्या हवाली केले होते. एका वर्षात राज्याची पूर्व आणि पश्चिम अशी दोन्ही दारे गमावलेल्या शहाला सलोखा हवा होता. मुरादची फौजही थकलेली होती. नवा वजीर कारा मुस्तफा पाशा आणि शहाचा वकील सारू खान ह्यांनी झुहाबच्या छावणीत अटी ठरविल्या.

ह्या अटी मुळातून पाहण्याजोग्या आहेत. जस्सान व बद्रा सुलतानाकडे. मंदलीपासून दर्तंगपर्यंतचे मैदान सुलतानाकडे, त्यालगतचा डोंगर शहाकडे. दर्तंगची हद्द सरमील येथे. जाफ जमातीतील झियाउद्दीन आणि हारूनी ह्या शाखा सुलतानाकडे, पीरा आणि झर्दुई शहाकडे. डोंगरमाथ्यावरील झंजीरचा किल्ला पाडावा. त्याच्या पश्चिमेची खेडी सुलतानाची, पूर्वेची शहाची. वानच्या बाजूस कोतूर व माकू आणि कार्सच्या बाजूस मगाझबर्द हे किल्ले जमीनदोस्त करावे. बगदाद, बसरा, शहरिझूर, वान, कार्स ह्यांस शहाने उपद्रव देऊ नये. येथे दोन गोष्टी उघड होतात. एक, उभय पक्षांना रेषेपेक्षा पोकळी हवी होती. किल्ला ज्याच्या हाती जाईल त्याला तेथून पुढे पाऊल टाकता येईल. म्हणून तो कोणाकडेच नको. दुसरी, जमिनीची मालकी माणसांवरून ठरत होती. जाफांची अमुक शाखा सुलतानाची, ह्याचा अर्थ ती शाखा जेथे जेथे गुरे चारील तेथे सुलतानाला कर व स्वार मागण्याचा हक्क. ती उन्हाळ्यात डोंगरापलीकडे इराणच्या कुरणांत गेली, तर हा हक्कही तिच्याबरोबर डोंगर चढणार होता. दक्षिणेकडे, बसऱ्याच्या खाली, नदीच्या मुखापाशी हद्द कोणती, हे तर तहाने सांगितलेलेच नाही.

ही संदिग्धता तहाचा दोष होती, असे एकोणिसाव्या शतकातील सीमा-आयोगांना वाटले. सतराव्या शतकाच्या दृष्टीने पाहता तीच त्याची शक्ती होती. काटेकोर रेषा राखावयास दोघांकडे ना पैसा होता ना माणसे, आणि मधल्या कुर्द अमीरांना तशी रेषा रुचलीही नसती. मुराद १६४० मध्ये व सफी १६४२ मध्ये मरण पावला. तुर्क १६४५ पासून क्रीटच्या युद्धात गुंतले, आणि सफवी दरबाराने पश्चिमेकडे फौज ठेवण्याची गरजच मानली नाही. मात्र हा सलोखा 'चार शतकांचा' नव्हे. १७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहान घेताच तुर्क इराणात घुसले आणि १७२४ मध्ये त्यांनी रशियाशी इराणच्या वाटणीचा करार केला. लक्षात घेण्याजोगे हे की, नादिरशहाने केलेल्या दीर्घ युद्धांनंतर १७४६ मध्ये कर्दन येथे तह झाला, तेव्हा पुन्हा १६३९ चीच हद्द मान्य झाली. १८२३ मध्ये एर्झुरूम येथेही तसेच घडले. 'चौथ्या मुरादच्या वेळची हद्द' हे शब्द उच्चारले की भांडण मिटे, कारण ती नेमकी कोठे आहे हे विचारण्याची वेळ येत नसे.

ती वेळ ३१ मे १८४७ च्या एर्झुरूमच्या दुसऱ्या तहाने आणली. ह्या वाटाघाटींत इंग्रज व रशियन मध्यस्थ होते, आणि इराणचा प्रतिनिधी होता पुढे अमीर कबीर म्हणून प्रसिद्धीस आलेला मिर्झा तकी खान. झुहाबचा मुलूखच मैदान आणि डोंगर असा दोघांत वाटला गेला, मुहम्मरा इराणकडे गेले आणि सुलैमानियावरील हक्क इराणने सोडला. त्यानंतर चार राष्ट्रांचे मोजणीदार सरहद्दीवर हिंडले. खांब मात्र १९१३ च्या करारानंतर, १९१४ मध्ये उभे राहिले. १८४७ च्या तहात भटक्या जमातींविषयी एक कलम आहे. ज्या जमातींचे स्वामित्व वादग्रस्त असेल, त्यांनी आपण कोणत्या मुलखात कायमचे राहणार हे एकदाच ठरवून सांगावे, असे ते म्हणते. १६३९ मध्ये जाफ कोणाचे हे ठरले आणि त्यावरून त्यांचे कुरण कोणाचे ते ठरले. दोनशे आठ वर्षांनी आधी कुरण वाटले गेले, आणि त्यांतले कोणते आपले हे मेंढरे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारण्यात आले.