दत्तू, ठोंबरे आणि सव्वा मूठ गहू

धरणगावात वाढलेल्या मुलाला बालकवी घरचेच वाटतात. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव. शाळेत आमच्याकडून ‘औदुंबर’ पाठ करून घेतली, निबंधात ‘निसर्गकवी’ लिहून घेतलं आणि विषय संपला. हा धरणगावचा ब्राह्मण मुलगा ऐन उमेदीत नगरला एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी राहिला होता, हे मला कळायला कॉलेज उजाडलं. तिथल्या बाईने त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली आणि तरी तो शेवटपर्यंत ख्रिस्ती झाला नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हातात आलं म्हणून हे सगळं कळलं. नाहीतर तेही राहिलं असतं.

तेव्हा ते मी एक मजेदार पुस्तक म्हणून वाचलं. ते खरोखरच मजेदार आहे, हातचं टाकून वाचण्यासारखं. मामाच्या घरी मामेभावाच्या मुलावरून दोन आज्यांमध्ये ताण सुरू झाला, तेव्हा ते परत काढलं. या वेळी माझं लक्ष टिळकांवर नव्हतं, दत्तूवर होतं.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. त्यांचा मुलगा देवदत्त, घरात दत्तू, तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. एका सकाळी बाप ख्रिस्ती, आई हिंदू, आणि मुलगा कोण हे कुणालाच नक्की ठाऊक नाही, असं झालं. पुढची पाच वर्षं तो या दोन घरांच्या मध्ये वाढला.

आजच्या वाचकाला वाटेल, त्यात काय, मोठा झाल्यावर ठरवेल. पण त्या काळात असल्या मुलावरून कोर्टकचेऱ्या झालेल्या होत्या. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याच्यापाठोपाठ बारा वर्षांच्या आसपासचा त्याचा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा वडिलांना परत दिला. खरी पंचाईत त्यानंतर झाली. मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, मग तो ब्राह्मण राहिला की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून कंबर कसली, तर सनातन्यांनी बाळशास्त्र्यांनाच धारेवर धरलं. म्हणजे कोर्टाने बापाचा हक्क मान्य केला, तरी त्या पोराला घरच्या पंगतीत बसता येईल की नाही हे कोर्टाच्या हातात नव्हतं.

नवरा-बायकोसाठीही कायदा तयार होता. १८६६ च्या एका कायद्याने, कुणी ख्रिस्ती झाला आणि त्या कारणासाठी जोडीदार सलग सहा महिने नांदायला आला नाही, तर अर्ज करता येई. न्यायाधीश त्या जोडीदाराशी बोले, एक वर्षाची मुदत देई आणि तरी नकार असेल तर लग्न मोडता येई. टिळकांपुढे हा रस्ता उघडा होता. त्यांनी तो घेतला नाही. माझ्या मते त्यांच्या चरित्रातली ही एक मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बायकोला न सांगता धर्म बदलण्यात त्यांनी जो अन्याय केला तो केलाच; पण नंतर ते थांबले.

लक्ष्मीबाई त्या काळात माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. थोरली बहीण आणि तिचे यजमान यांनी सांभाळलं, पंढरपूरलाही त्या राहिल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने काय पणाला लागलं होतं ते समजायचं तर दत्तूच्या आजोळाकडे बघावं लागतं. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले सोवळ्याने पछाडलेले होते. लक्ष्मीबाईंचे आईकडचे आजोबा सत्तावनच्या बंडानंतर फाशी गेले आणि त्या धक्क्यानंतर नानांचं सोवळं हाताबाहेर गेलं. बाजारातून आलेलं धान्य धुतल्याशिवाय घरात येत नसे. सगळी पोरं त्या धुण्यापुसण्यात भरडून निघाली. ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातच या नानांपासून होते. लक्ष्मीबाई ते हसत सांगतात, पण नीट वाचलं तर त्या हसण्याखाली भीती दिसते. दत्तू हा त्या माणसाचा नातू.

मग या बाईने केलं काय? ती नवऱ्याकडे परत गेली, पण वेगळी चूल घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, तिचं अन्नपाणी वेगळं, तिचं सोवळं तिच्यापाशी. टिळकांनी ते मान्य केलं. पोरगा दोघांच्या मध्ये. आज ‘इंटरफेथ फॅमिली’ असा शब्द आपण सहज वापरतो. त्या शब्दाच्या कितीतरी आधी ही दोघं नगर जिल्ह्यात तसा संसार करत होती, कुठलाही नमुना समोर नसताना.

त्यानंतर राहुरीला असताना जे घडलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जातिभेद देवाने केला की माणसाने, यावर विचार करता करता त्यांना एकदम पटलं की तो माणसानेच केला. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. ख्रिस्ती त्या अजून झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. आधी पाण्याचा प्रश्न सुटला, देवाचा त्यानंतर. आपण समजतो की माणूस धर्म बदलतो आणि मग त्याचं खाणंपिणं बदलतं. या घरात उलट झालं.

हे वाचताना मला मामाचं घर दिसत होतं. आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात आणि तिच्यासाठी रोट करतात. रोटाचे गहू मोजून घेतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आणि हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजारी कितीही जवळचा असो, त्याला नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, कारण तिचं कूळ बदललं. म्हणजे ती सव्वा मूठ हा प्रसादही आहे आणि खानेसुमारीही. कुळात कोण आहे, कोण नाही, ते दरवर्षी गव्हात मोजलं जातं.

मामेभावाने नवापूरकडच्या ख्रिस्ती मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोघांपैकी कुणीच धर्म बदलला नाही. मुलगा झाला. पहिल्या श्रावणात गहू मोजायला बसल्यावर मामी अडली. त्या पोराच्या नावाची मूठ घ्यायची की नाही? भाऊबंदांतले दोघं-तिघं आधीच कुजबुजत होते. मोठमायने, म्हणजे माझ्या आजीने, वाद ऐकून घेतला आणि म्हणाली, “नातू मना शे ना? मंग रोट खाई.” आणि मूठ घातली. नात मोठमायची पणतवंडाशी होती, पण तिने ‘नातू’च म्हटलं.

इथे गोष्ट संपली असती तर ती व्हॉट्सअॅपवर फिरवण्यासारखी झाली असती. पण पोराला दुसरीही आजी आहे. ती नवापूरकडची. तिच्या मंडळीत मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खात नाहीत, प्रसाद तर नाहीच. तिला वाटतं, लेकीने धर्म सोडला नाही असं आपण जगाला सांगतो आणि नातवाच्या तोंडात कानबाईचा रोट जातो, हे कसं? तिचा राग मला आधी कट्टरपणा वाटायचा. आता तसं वाटत नाही. मोठमायला जशी भाऊबंदांपुढे मान ठेवायची होती, तशी हिलाही तिच्या मंडळीपुढे ठेवायची आहे. आणि तिच्या लोकांनी हा नियम फुकट मिळवलेला नाही. आजूबाजूच्या सगळ्या गावाशी फारकत घेऊन त्यांनी आपला धर्म धरला, त्या फारकतीची खूण म्हणजे हे न खाणं.

हा वाद तसा दोन हजार वर्षं जुना आहे. मूर्तीला वाहिलेलं अन्न ख्रिस्ती माणसाने खावं का, हा प्रश्न करिंथच्या मंडळीने पौलाला विचारला होता. त्याचं उत्तर थोडक्यात असं: अन्नाने कुणी देवाच्या जवळ जात नाही की दूर जात नाही, पण तुमच्या खाण्याने एखाद्या भावाचं मन डळमळणार असेल तर खाऊ नका. म्हणजे अन्नापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाचा विचार आधी. मामेभावाच्या बायकोने हा उतारा आईला दाखवला. आईने तो शेवटच्या वाक्यापासून वाचला आणि म्हणाली, बघ, खाऊ नका असंच लिहिलंय. दोघी बरोबर होत्या.

मामाची काळजी वेगळी होती, शेताची. ती वकिलाकडे गेल्यावर कळली. १९५४ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टचं कलम १९ असं सांगतं की एकत्र कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन माणसाने या कायद्याखाली लग्न केलं, तर तो त्या कुटुंबापासून विभक्त झाला असं धरलं जातं. (दोघंही याच धर्मांतले असतील तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर हे लागू नाही.) हिस्सा जात नाही, पण एकत्र कुटुंब कागदावर सुटतं. मामेभावाने सही केली तेव्हा हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं कलम आणखी बोचरं आहे, हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चं २६ वं. हिंदू माणसाने धर्म बदलला तर त्याचा स्वतःचा वारसा जात नाही, पण त्यानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही, वारसा उघडेल त्या वेळी ती स्वतः हिंदू असल्याशिवाय. म्हणजे कायद्यानेही मूठ घ्यायची की नाही हा प्रश्न विचारून ठेवलाय, फक्त तो नातवाच्या पिढीला विचारलाय. आजोबाने मृत्युपत्र केलं तर स्वतःच्या मालकीचं तो कुणालाही देऊ शकतो. मामेभावाने धर्म बदललेला नाही, त्यामुळे २६ वं कलम त्याच्या पोराला लागत नाही. तरी मामाने मृत्युपत्र करायचं ठरवलं. खानदेशात जिवंतपणी मृत्युपत्र करणं अजून अशुभ मानतात. घरात त्यावर बाप्तिस्म्यापेक्षा जास्त बोलणं झालं.

आता ठोंबरेकडे. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. ‘काव्यरत्नावली’ हे कवितेला वाहिलेलं मासिक त्या काळी जळगावातूनच निघत असे. त्या संमेलनात सतरा वर्षांचा ठोंबरे उभा राहिला आणि त्याची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. टिळकांचा त्याच्यावर जीव जडला आणि पुढे त्यांनी त्याला नगरला आपल्या घरी नेलं.

विचार करा. बाप पोलीस खात्यात, कोवळा ब्राह्मण मुलगा, आणि नेणारा माणूस महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला बाटलेला ब्राह्मण. गावात काय काय बोललं गेलं असेल, याचा अंदाज धरणगावच्या माणसाला सहज करता येतो. टिळक धर्मप्रचार हेच आपलं काम मानत, मिशनमध्ये नोकरी करत. घरात कच्च्या वयाचा, हळवा, पैशाने ओढलेला पोरगा आयता हाताशी. तरी तो ख्रिस्ती झाला नाही. बारा वर्षांपूर्वी बायकोच्या बाबतीत न थांबलेला हा माणूस इथपर्यंत बदलला होता. सप्टेंबर १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. हे त्यांना धर्मशास्त्रातून सुचलं असेल. मला वाटतं, वेगळी चूल मांडलेल्या बायकोबरोबर काढलेली वर्षं आणि धरणगावचा तो पोरगा यांचाही त्यात हात असावा.

ठोंबरे ५ मे १९१८ ला जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली गेला. वय सत्तावीस. टिळक त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ ला गेले.

लक्ष्मीबाई १९३६ पर्यंत होत्या. आजी म्हणून त्यांनी काय केलं ते सांगायला हवं. टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. दहा-अकरा अध्याय होऊन ते गेले. उरलेले चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले. लहानपणी कानावर पडलेल्या पोथ्यांची चाल त्यांनी येशूच्या गोष्टीला लावली. आणि दत्तूच्या आग्रहाने टिळकांच्या आठवणी लिहिता लिहिता ‘स्मृतिचित्रे’ झाली, १९३४ ते १९३६ मध्ये चार भागांत. त्यात सोवळ्यातले नाना आहेत, पंढरपूर आहे, राहुरी आहे, ठोंबरे आहे. ख्रिस्ती म्हणून जन्मलेल्या नातवंडांना आपलं हिंदू आजोळ त्या पुस्तकातून मिळालं. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे त्या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती संपादित केली, तारखा तपासून, माणसं शोधून, पणजोबांच्या सोवळ्यासकट.