राजाच्या अनुमतीने झालेली शिकार

१/ १८३६. मुंबई लष्करातील इंजिनियर अधिकारी विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस हवापालटासाठी केप वसाहतीत आला. कुडू, ईलँड अशा पीळदार शिंगांच्या कुरंगांच्या शिकारीचा बेत त्याने आखला.

२/ बैलगाड्या, बंदुका, दारूगोळा सिद्ध झाला; तथापि सारी भिस्त एन्डेबेले राजा म्झिलिकाझीच्या अनुमतीवर होती. म्हणून सामानात राजासाठी नजराणाही बांधला गेला.

३/ राजाने अनुमती दिली. त्याच सुमारास बोअर वसाहतकारांशी त्याचे युद्ध पेटले होते. १८३७ अखेर पराभूत होऊन तो उत्तरेकडे, लिम्पोपोपलीकडे निघाला.

४/ हॅरिसचा वृत्तांत १८३८ मध्ये मुंबईत छापला गेला. पुढील शिकाऱ्यांना वाट दाखवणारे पुस्तक उरले. अनुमती देणारा वा नाकारणारा राजा मात्र त्या भूमीत उरला नव्हता.