लॅटिन शिकवायलाही रोममध्ये विरोध झाला होता

पोरांना कुठल्या भाषेत शिकवायचं, यावर आपल्याकडे वाद चालूच असतो. त्यात आणखी एक मत टाकण्यापेक्षा मी आज रोमची गोष्ट सांगतो.

लॅटिन म्हटलं की आपल्याला पंडितांची भारदस्त भाषा आठवते. पण रोममध्ये ती घरात, बाजारात, कोर्टात बोलायची भाषा. शिकायची भाषा होती ग्रीक. मोठ्या घरांत शिक्षक ग्रीक आणि पुस्तकंही ग्रीक.

लॅटिन ग्रंथांचा अभ्यास सुरू झाला तोही एका अपघाताने. इ.स.पू. १६८ च्या सुमारास क्रेटीस नावाचा ग्रीक पंडित राजदूत म्हणून रोमला आला, गटाराच्या तोंडात पडला आणि पाय मोडून बसला. बरा होईपर्यंत त्याने व्याख्यानं दिली. ती ऐकून रोमन लोक आपल्याच कवींचे ग्रंथ बारकाईने वाचू लागले, असं स्वेटोनियस हा रोमन लेखक सांगतो.

खरा वाद पुढे झाला. प्लोटियस गॅलस नावाच्या शिक्षकाने वक्तृत्व लॅटिनमधून शिकवायला घेतलं. वक्तृत्व म्हणजे तिथं राजकारण आणि वकिली दोन्हींची किल्ली. पोरांची झुंबड उडाली. मग इ.स.पू. ९२ मध्ये दोन सेन्सॉरांनी, म्हणजे तिथल्या बड्या अधिकाऱ्यांनी, जाहीरनामा काढला. पोरं दिवसभर तिथं रिकामी बसतात, पूर्वजांनी घालून दिलेली पद्धत ही नव्हे, आम्हाला हे पसंत नाही, असा त्याचा आशय. त्यातला एक सेन्सॉर क्रॅसस हा स्वतः त्या काळचा नामांकित वक्ता! या नाराजीमागच्या कारणांवर इतिहासकारांत मतभेद आहेत. ग्रीक न येणारी पोरंही आता आपल्या बरोबरीने बोलतील, ही धास्ती त्यात असावी, असं मला वाटतं.

त्या वर्गाला जायची एका पोराची फार इच्छा होती. जाणत्या मंडळींनी त्याला अडवलं. ग्रीकमध्येच चांगली तयारी होते म्हणाले. तो पोरगा म्हणजे सिसेरो. ग्रीक तो उत्तम शिकलाच, पण पुढे तत्त्वज्ञान लिहिलं ते लॅटिनमध्ये. शब्द नव्हते तिथं घडवले. आपण दुकानात 'क्वालिटी' बघतो ना, त्याचं मूळ त्याच्या 'क्वालितास'मध्ये आहे. 'मॉरल'चं मूळही त्याच्याच 'मोरालिस'मध्ये.

त्याच काळात वॅरोने लॅटिन भाषेवर २५ भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातले ६ उरलेत. चौथ्या शतकात डोनाटसने प्रश्नोत्तरांचं छोटं व्याकरण लिहिलं. शब्दांच्या जाती किती? आठ. युरोपातली पोरं हजारभर वर्षं त्यावर शिकली. तीच परंपरा इंग्रजी व्याकरणात आली आणि तिथून आपल्याकडे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठी व्याकरण छापलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणांची मांडणी त्यांच्यासमोर होती. नाम, सर्वनाम, विशेषण करत आपण शाळेत ज्या आठ जाती पाठ केल्या, त्यांचं एक मूळ असं थेट रोमच्या वर्गात सापडतं.

सांगायचं इतकंच की लॅटिन जन्मतः 'ज्ञानभाषा' नव्हती. शिक्षकांनी ती वर्गात नेली, लेखकांनी शब्द घडवले, अभ्यासकांनी व्याकरणं लिहिली. ग्रीक कुणी सोडली नाही, पण आपल्या भाषेचं कामही थांबवलं नाही.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले. आता आपल्या तालुक्यात हे काम कोण करतंय, तेवढं कमेंटमध्ये सांगा.