वाट कठीण कुणी केली?

"या वेळी काहीतरी चॅलेंजिंग हवं," असा ग्रुपचा हुकूम आला आणि ठिकाण निवडायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, चला अकोले तालुक्यात. जिल्हा नगरचा अहिल्यानगर झाला, डोंगर तेच!

सगळ्यांचं पहिलं बोट कळसूबाईवर. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पण अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत; दमछाक होते, कस लागत नाही. याउलट त्याच रांगेतले, अकोले-इगतपुरीच्या हद्दीवरचे अलंग आणि मदन. उंचीला कमी, तरी दोर लागतोच. का? तर १८१८ मध्ये गड हातात आल्यावर इंग्रजांनी इथल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. पुन्हा कुणी वर जाऊन लढू नये म्हणून! म्हणजे आपण ज्याला 'थ्रिल' म्हणतो, ती खरं तर एका पराभवाची खूण आहे.

हरिश्चंद्रगडाचं वेगळं. तिथे लेणी, मंदिर, पुष्करणी... माणसांनी यावं, राहावं म्हणूनच सगळं घडवलेलं. चांगदेवांनी शके १२३४ (इ. स. १३१२) मध्ये 'तत्त्वसार' तिथेच लिहिला. पाचनईहून सोपी वाट आहे. कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने गेलात तर दिवसभर नुसते दगडधोंडे.

शेवटी हरिश्चंद्रगड ठरला, तोही पाचनईहून. आमच्यातल्या तिघांनी दोर कधी हातात धरलेला नाही. थोड्या शिव्या खाल्ल्या, असो. मदन कुठे पळून जात नाही. आधी दोर शिकू, मग त्या तुटक्या पायऱ्यांपाशी जाऊ.